खटका उजवीकडे

फिनलंडहून, कुओपिओ गावाहून
राउटिआइनेन यांचं पत्र येतं, महिन्याला एक.
आत पिस्तुलाचे फोटो.
तळहातात मावेल एवढं, काळपट,
मुठीच्या लाकडावर बारीक चौकड्या,
आणि असायला नको ती एक गोष्ट:
सेफ्टीचा खटका उजवीकडे.

जगात अशी एकोणीस सापडलीत, ते लिहितात.
तीन त्यांच्याकडे. चौथ्यासाठी होडी विकायला काढलीय.
नौदलाची खास मागणी असेल का?
की लगाम उजव्या हातात धरणारी एखादी पलटण?
की कुणा कर्नलची हौस?
‘प्रकार ब’ असं नावही ठेवून झालंय.
बारसं आधी, आईबापाचा शोध मागाहून.

मी एइबारच्या नगर-दप्तरात बसते.
डोंगर खिडकीला असा टेकलाय
की दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
इथली घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी.
एके काळी खाली लेथ, वर चूल,
आणि लेकरांच्या अंथरुणातसुद्धा लोखंडाचा कीस.

इरुरेता आणि मंडळी. रेल्वेपुलाखालचं दुकान.
माणसं तेवीस. हजेरीची वही एक,
तीही कोपऱ्यातून उंदरांनी वाचलेली.
सन सोळा, मार्च.
फ्रान्सला पिस्तुलं हवीत, कितीही, कशीही.
ओळ अकरावी:
बेर्नाबेआ ओलास्कोआगा, कानसकाम, उक्तं.
पुढे मुकादमाचं तिरपं अक्षर:
‘साचा पालथा घातला. दंड दोन पेसेता.’
दुसऱ्या दिवशी: ‘पुन्हा पालथा.
म्हणते, असाच हात बसतो.’
तिसऱ्या दिवशी नुसतंच: ‘वाद.’
म्हणजे खटका आधी या दोघांत उडाला,
पिस्तुलावर नंतर बसला.

बुधवारी: ‘तपासनीस उद्या येणार. माल कमी.
चालू द्या. दंड माफ.’

तपासनिसाने डावं-उजवं केलं नाही.
पेट्या मोजल्या, शिक्के मारले,
हेंदायेच्या पुलावरून माल पलीकडे गेला.
अकरा दिवस तिने साचा पालथा घातला.
बाराव्या दिवसापासून वहीत तिचं नाव नाही.
का, ते उंदरांना ठाऊक.

तिची नात-भाची गार्बिन्ये, चौकातली पाववाली.
पिस्तूल? तिला हसू आलं.
आत्या तर म्हणायची, बिजागऱ्या करते मी.
शाळेत जोगिणींनी तिचा डावा हात
फितीने बाकाला बांधून ठेवलेला, सबंध हिवाळा.
फीत निळी होती, एवढंच तिला सांगितलेलं.

ती एकोणीस कुणावर रोखली गेली,
कुठल्या चिखलातून कुठल्या बर्फात पोचली,
ते कुठल्याच वहीत नाही.
तो रकानाच आखलेला नव्हता.

हे सगळं मी राउटिआइनेनना कळवलं.
कर्नल नाही, नौदल नाही, पलटण नाही.
एक बाई, उक्त्या कामावरची, डावखुरी.

उत्तराला या खेपेस दोन महिने लागले.
‘आभार. याने किंमत चढेल की उतरेल,
लिलाववाल्यांना विचारतो आहे.
होडी तूर्त ठेवली आहे.’
खाली, वेगळ्या शाईत:
‘काल डाव्या हातात धरून पाहिलं.
अंगठा आपसूक खटक्यावर गेला.
वाटलं, कुणी तरी’
आणि पुढची ओळ इतकी खोडलेली
की दिव्यासमोर धरूनही लागत नाही.

तेही पत्र फाइलीत लावलं.
फाइलीच्या पाठीवर ‘प्रकार ब’ लिहिलं होतं,
ते खोडून बेर्नाबेआ लिहायला घेतलं;
पट्टी अरुंद, नाव लांब,
शेवटचं अक्षर कडेवरून पलीकडे वळलं.